कडता

माझ्या नवऱ्याचं नाव शीतल.
आमच्याकडं पुरुषांचंही असतं हे नाव,
बाहेरगावचे फोनवर चकतात, एवढंच.
मार्केट यार्डात तोलार आहे.
चौदा वर्षं हळदीच्या पोत्यांत;
बनियन, उशीचा अभ्रा, कानामागची घडी, सगळं पिवळं.
म्हणून त्याला दम लागायला लागला तेव्हा
आम्ही हळदीलाच धरलं.
सासूबाई म्हणाल्या, काम बदल.
मीही म्हणाले.
भडंग माझ्या मांडीवर बसून ऐकत होती.

(शेंगदाण्याचा रंग, तिखटाचा, करपलेल्या लसणाचा,
एका पातेल्यात हलवल्यागत अंग. दुसरं काय नाव ठेवणार?)

मिरजेला त्याच्या हातावर पेनानं चौकटी आखल्या,
प्रत्येकीत एक टोचणी.
धूळ, झुरळ, गाजरगवत,
हळदसुद्धा, मी मुद्दाम सांगून घालायला लावलेली.
वीस मिनिटं आम्ही त्या हाताकडं बघत बसलो
दहावीच्या निकालाकडं बघावं तसं.
हळदीची चौकट कोरडी.
अकरा नंबरची फुगत गेली, चार आण्याएवढी.
डॉक्टर म्हणाले, घरात मांजर आहे?

केसांपेक्षा थुंकीचं जास्त म्हणे.
ती अंग चाटते, ते वाळतं, उडतं.
म्हणजे तिचं स्वच्छ राहणंच
याच्या छातीत जाऊन बसतं.

मग पडदे काढले. गाद्या उन्हात.
मी तिला रोज ओल्या फडक्यानं पुसायची,
ती तोंड फिरवून बसायची, पाहुण्यांसमोर रागवल्यासारखी.
गोळी रात्री, पंप सकाळी,
झोपायच्या खोलीचं दार बंद.
दाराला बाहेरून नखं,
आतून खोकला.
मी कुणाकडं तोंड करून झोपू?

तो एकदाही म्हणाला नाही, देऊन टाक.
म्हणाला असता तर भांडले असते,
माझी सगळी तयारी होती.
शिंकून लाल झालेला, तरी म्हणायचा,
राहू दे गं, पोतं आहे का ते इकडचं तिकडं टाकायला.

एका रात्री त्याच्या श्वासात शिट्टी वाजली.
आधी वाटलं, शेजारचा कुकर. रात्री दोन वाजता?
तो उठून बसला होता, खिडकीचा गज धरून.
उजाडेपर्यंत पाठ चोळली मी,
त्याच हातांनी,
ज्यांच्यात ती दुपारभर झोपलेली होती.

हरिपूरच्या मगदूम बाईंकडं उंदीर फार.
त्या म्हणाल्या, आणा, पण पक्कं सांगा,
लळा लागल्यावर परत मागायचं नाही.
मी म्हटलं, सहा महिने बघू.
त्या म्हणाल्या, हे काय पक्कं झालं?

निघताना शीतलनं तिला उचललं, नाकाला रुमाल बांधून.
सवयीनं हातावर जरा खालीवर केलं.
साडेतीन किलो, म्हणाला. कडता न धरता.
आणि तीनदा शिंकला.

रिक्षात ती ओरडलीच नाही.
ओरडली असती तर मी संगमाच्या आधीच वळले असते.
बाईंनी बशीत दूध ओतलं आणि हाक मारली, मने.
ती लगेच गेली.

मांजर गेलं तरी सहा महिने घरात राहतं,
डॉक्टरांनी सांगितलं होतं; भिंतीला, कपाटामागं.
त्या रात्री तो खोकला
आणि मला बरं वाटलं.
हे लिहू नये. पण वाटलं.

काल रविवार. यार्डाला सुट्टी.
सायकलमध्ये हवा भरून येतो म्हणून गेला,
अडीच तासांनी आला.
डोळे सुजलेले, नाक वाहतंय,
मनगटावर गांधी उठलेल्या.
कुठं गेला होतास, विचारलं नाही.
गोळी दिली, तांब्याभर पाणी दिलं.
तांब्या परत देताना म्हणाला,
पावणेचार भरतेय.